कच्चे अक्षर, पक्के अक्षर: डेस्कटॉप सॉफ्टवेअरमधील कोरियन टायपिंगचे दोष शोधणे, दुरुस्त करणे आणि तपासणे

छत्रपती संभाजीनगरच्या शेंद्रा भागात सुटे भाग बनवणाऱ्या एका पुरवठादारासाठी आमच्या छोट्या गटाने तपासणीच्या नोंदी ठेवणारे डेस्कटॉप सॉफ्टवेअर तयार केले होते. मालाचा ग्राहक कोरियन होता, त्यामुळे तिकडून आलेले अभियंते शेऱ्याच्या रकान्यात कोरियनमध्येच लिहीत असत. एके दिवशी त्यांच्यापैकी एकाने छापील तक्ता आमच्यासमोर ठेवला आणि एका शब्दावर बोट टेकवले. त्याने टाइप केलेला शब्द होता ‘बुल्यांग’, म्हणजे सदोष माल; कागदावर मात्र नुसते ‘बुल’ उमटले होते, आणि ‘बुल’ या एकट्या शब्दाचा कोरियन अर्थ आग असा होतो. शेवटचे अक्षर गळाले होते. आम्ही दोन दिवस फॉन्ट आणि प्रिंटर तपासण्यात घालवले. दोष तिथे नव्हताच. तो आम्ही लिहिलेल्या ‘जतन करा’ बटणाच्या कोडमध्ये होता. त्यानंतर अशा दोषांचा जो अभ्यास करावा लागला, त्यातून ही पद्धत बसवली आहे.

आधी अक्षर कसे जुळते ते पाहा

मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर एक कळ दाबली की एक चिन्ह थेट मजकुरात जाऊन बसते. कोरियनचे तसे नाही. कोरियन लिपीत, म्हणजे हान्गुलमध्ये, प्रत्येक अक्षर हा एक चौकोनी ठोकळा असतो आणि तो आरंभीचे व्यंजन, स्वर आणि असल्यास अंत्य व्यंजन यांपासून जुळतो. राजा सेजोंगच्या काळात, १४४३ साली तयार होऊन १४४६ साली जाहीर झालेली ही लिपी रचनेने इतकी नेटकी आहे की युनिकोडमधील, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या मानकातील, तिच्या सर्व आधुनिक अक्षरांचे क्रमांक एका सूत्राने काढता येतात: १९ आरंभीची व्यंजने, २१ स्वर आणि अंत्य व्यंजनाच्या २८ शक्यता (२७ व्यंजने आणि एक रिकामी जागा) यांचा गुणाकार ११,१७२ येतो, आणि तेवढीच अक्षरे ४४,०३२ ते ५५,२०३ या क्रमांकांवर सलग मांडलेली आहेत. मोजणी शून्यापासून धरली, तर ‘हान’ या अक्षरात आरंभीचे व्यंजन १८ वे, स्वर ० वा आणि अंत्य व्यंजन ४ थे आहे. म्हणून १८ ला २१ ने गुणून त्यात ० मिळवायचे, उत्तराला २८ ने गुणायचे, त्यात ४ आणि ४४,०३२ मिळवायचे, की ५४,६२० हा त्याचा क्रमांक हाती येतो. हे सूत्र पाठ असलेले बरे, कारण पुढे नोंदी वाचताना त्याचा वारंवार उपयोग होतो.

दक्षिण कोरियात सर्वाधिक वापरात असलेल्या दुबोलशिक मांडणीत व्यंजने डाव्या हाताला आणि स्वर उजव्या हाताला असतात. या मांडणीत अंडे या अर्थाचा ‘दालग्याल’ हा शब्द इंग्रजी कळांच्या भाषेत ई, के, एफ, आर, आय, एफ अशा सहा कळांनी लिहिला जातो. पडद्यावर काय घडते ते एकेक कळ दाबून पाहावे. पहिल्या कळीला सुटे ‘द’ दिसते, दुसऱ्या कळीला ‘दा’, तिसऱ्या कळीला ‘दाल’. चौथ्या कळीला ‘ग’ त्याच ठोकळ्याच्या तळाशी ‘ल’च्या शेजारी जाऊन बसतो आणि कोंबडी या अर्थाचे ‘दाक’ हे अक्षर तयार होते (लिहिताना ‘ल’ आणि ‘ग’ दोन्ही, पण उच्चारात नुसता ‘क’). पाचव्या कळीला स्वर येतो, तेव्हा तो ‘ग’ मागच्या ठोकळ्यातून निघून पुढच्या ठोकळ्यात जातो आणि ‘दाल’ व ‘ग्या’ अशी दोन अक्षरे दिसतात. सहाव्या कळीला ‘दालग्याल’ पूर्ण होते. अंडे लिहिताना वाटेत कोंबडी येऊन जाते, आणि त्यात काहीही बिघडलेले नसते.

अंत्य व्यंजनाने असे पुढे उडी मारण्याला कोरियन लोक ‘दोक्केबीबुल’ म्हणतात. आपल्याकडे रात्री शिवारात इकडून तिकडे सरकणाऱ्या उजेडाला भुताचे टेंभे म्हणतात, त्याच जातीचा तो शब्द आहे. डेस्कटॉप सॉफ्टवेअरमधील कोरियन टायपिंगचे पुष्कळसे दोष या उडीच्या आसपासच सापडतात.

जोवर ठोकळा बदलू शकतो, तोवर त्याला मी कच्चे अक्षर म्हणेन. जुळणी संपून ते मजकुरात स्थिर झाले की पक्के अक्षर. मोंढ्यात माल उतरवल्यावर मिळणारी कच्ची पावती आणि हिशेब झाल्यावर हातात पडणारी पक्की पावती यांत जो फरक, तोच इथे आहे. ही जुळणी करणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिममधील घटकाला इनपुट मेथड म्हणतात. जपानी किंवा चिनी टायपिंगमध्ये वापरणारा शब्दांच्या यादीतून निवड करून मजकूर जाणीवपूर्वक पक्का करतो. कोरियन टायपिंगमध्ये अशी वेगळी पायरी नसते: पुढचे अक्षर सुरू झाले, स्पेस किंवा एंटर दाबले, बाणाची कळ दाबली किंवा माउसने दुसरीकडे क्लिक केले की कच्चे अक्षर आपोआप पक्के होते. लिहिणाऱ्याच्या दृष्टीने कच्चे अक्षर हा मजकूरच असतो. ते अजून पक्के झालेले नाही, हे त्याच्या ध्यानीमनीही नसते. म्हणून पुढील सर्व दुरुस्त्यांना मी एकच नियम लावतो: कच्चे अक्षर प्रोग्रामने वाचावे, पण त्याला हात लावू नये.

तक्रारीचा प्रकार ओळखणे

‘कोरियन नीट टाइप होत नाही’ एवढ्या वाक्यावर काम सुरू करू नये. नेमके काय बिघडते ते विचारले की बहुतेक तक्रारी चार प्रकारांत पडतात. शेवटचे अक्षर गळत असेल, तर कच्चे अक्षर पक्के होण्याआधीच प्रोग्रामने मजकूर उचललेला असतो. शेवटचे अक्षर दोनदा येत असेल, तर तेच अक्षर दोन वाटांनी मजकुरात शिरत असते, किंवा एंटरची क्रिया दोनदा घडत असते. ठोकळे फुटून सुटी व्यंजने आणि सुटे स्वर दिसत असतील, तर जुळणी चालू असताना प्रोग्राम रकान्यातील मजकूर स्वतः पुन्हा लिहीत असतो. अक्षर भलत्याच जागी उमटत असेल, तर पक्के होण्याची सूचना येण्याआधीच कर्सर हललेला असतो.

तक्रार करणाऱ्याकडून ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती, इनपुट मेथडचे नाव, दाबलेल्या कळांचा क्रम आणि शेवटी त्याने काय केले, म्हणजे एंटर दाबले, क्लिक केले की टॅब दाबला, एवढे मिळवावे. शेवटची कृती कोणती हे कळले की निम्मे काम होते.

संगणक तयार करणे

विंडोजवर भाषांच्या सेटिंगमध्ये कोरियन भाषा जोडली की मायक्रोसॉफ्टचे कोरियन आयएमई, म्हणजे इनपुट मेथड, मिळते. आपल्या लॅपटॉपवर हान्गुलची वेगळी कळ नसते, म्हणून त्याच्या सेटिंगमधील कीबोर्डचा प्रकार पाहून घ्यावा: १०१ कळांच्या पहिल्या प्रकारात उजवी ऑल्ट कळ भाषा बदलते आणि तिसऱ्या प्रकारात शिफ्ट व स्पेस मिळून बदलतात. याच सेटिंगमध्ये आयएमईची जुनी आवृत्ती वापरण्याचा पर्यायही असतो. दोन्ही आवृत्त्यांवर तपासणी करावी, कारण नवीन आवृत्तीत अडचण आल्यामुळे जुनीवर परत गेलेले वापरकर्ते खरोखरच असतात.

उबुंटूवर आयबस-हान्गुल हे पॅकेज घालून एकदा लॉगआउट करून परत यावे आणि कीबोर्डांच्या यादीतून ‘कोरियन (हान्गुल)’ निवडावा. त्याच यादीत नुसता ‘कोरियन’ही असतो, ती फक्त कळांची मांडणी आहे आणि तिच्यात जुळणी होत नाही. ती निवडून ‘आमच्याकडे दोष दिसत नाही’ असे ग्राहकाला कळवण्याची चूक सहज होते. मॅकवर दोन-संच कोरियन कीबोर्ड जोडणे पुरेसे आहे.

कोरियन वाचता येत नसले तरी अडत नाही. ‘दालग्याल’च्या सहा कळा आणि प्रत्येक कळीनंतरचे अपेक्षित चित्र कागदावर काढून कीबोर्डशेजारी ठेवावे. तोच क्रम आधी नोटपॅडमध्ये, मॅकवर टेक्स्टएडिटमध्ये, टाइप करून पाहावा आणि मगच आपल्या प्रोग्राममध्ये. नोटपॅडमध्येही बिघडत असेल तर शोध दुसरीकडे न्यावा लागेल.

घटनांची नोंद

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी, संबंधित रकान्याला मिळणारी प्रत्येक घटना क्रमाने छापणारा तात्पुरता कोड लिहावा. प्रत्येक ओळीत वेळ, घटनेचे नाव, कच्चा मजकूर, पक्का मजकूर, कर्सरची जागा आणि कळीचा क्रमांक असावा. मजकूर अक्षरांच्या रूपात न छापता युनिकोड क्रमांकांच्या रूपात छापावा, कारण पडद्यावर एकसारखी दिसणारी दोन अक्षरे आतून वेगळी असू शकतात. ४४,०३२ ते ५५,२०३ मधला क्रमांक असेल तर तो जुळलेला ठोकळा. १२,५९३ ते १२,६४३ मधला असेल तर सुटे दाखवण्याचे व्यंजन किंवा स्वर. आणि ४,३५२ ते ४,६०७ मधला असेल तर जोडून वाचायचे घटक. हा कोड ग्राहकाच्या संगणकावर त्याला सांगितल्याशिवाय कधीही चालू ठेवू नये, कारण त्यात माणसाने दाबलेली प्रत्येक कळ नोंदली जाते.

विंडोजवरील दुरुस्ती

स्वतःचा मजकूर रकाना स्वतः रंगवणाऱ्या जुन्या पद्धतीच्या विंडोज प्रोग्रामला तीन प्रमुख संदेश येतात: जुळणी सुरू झाली, जुळणी बदलली आणि जुळणी संपली. यांतील मधला संदेश, डब्ल्यूएम_आयएमई_कॉम्पोझिशन, सर्वांत महत्त्वाचा आहे. त्याच्यासोबत येणाऱ्या खुणा सांगतात की पक्का झालेला मजकूर आला आहे, की बदललेला कच्चा मजकूर आला आहे, की दोन्ही. ‘दालग्याल’मधील पाचव्या कळीला ‘दाल’ पक्के होते आणि ‘ग्या’ कच्चे म्हणून सुरू होते; या दोन्ही गोष्टी एकाच संदेशात येऊ शकतात. पुष्कळ कोडमध्ये ‘पक्का मजकूर असेल तर हे करा, नाहीतर कच्चा असेल तर ते करा’ अशी रचना असते, आणि त्या ‘नाहीतर’मुळे उडी मारलेला ‘ग्या’ पडद्यावरून नाहीसा होतो. दोन्ही खुणा स्वतंत्रपणे तपासाव्यात. आधी पक्का मजकूर दस्तऐवजात घालावा आणि मग कच्चा मजकूर रंगवावा. क्रम उलटा झाला तर अक्षरे मागेपुढे होतात.

दोनदा अक्षर येण्याचे कारणही इथेच सापडते. पक्का मजकूर आपण स्वतः घेतला आणि तोच संदेश पुढे विंडोजच्या ठरावीक प्रक्रियेकडे, म्हणजे डेफविंडोप्रॉककडे, जाऊ दिला, तर ती प्रक्रिया त्याच मजकुराचे अक्षर-संदेश तयार करून परत पाठवते. दोन्हींपैकी एकच वाट ठेवावी. कच्चा मजकूर मागवल्यावर इमगेटकॉम्पोझिशनस्ट्रिंग हे फंक्शन लांबी बाइटमध्ये सांगते, अक्षरसंख्येत नाही. यूटीएफ-१६ मध्ये, जिथे एका ठोकळ्याला दोन बाइट लागतात, ती निम्मी करावी लागते, नाहीतर ठोकळ्याच्या मागे कचरा दिसतो.

आमच्या गळालेल्या ‘यांग’चा दोष मात्र याहून साधा होता. बटणावर क्लिक होताच आमचा कोड दस्तऐवजातील पक्का मजकूर वाचत होता, आणि ‘यांग’ तेव्हा कच्चेच होते. जतन करणे, छापणे, पुढच्या नोंदीवर जाणे, खिडकी बंद करणे, कर्सर माउसने दुसरीकडे नेणे अशा प्रत्येक कृतीच्या आरंभी इमनोटिफायआयएमई या फंक्शनला जुळणी पूर्ण करण्याचा आदेश द्यावा, आलेले पक्के अक्षर दस्तऐवजात बसू द्यावे आणि मगच मूळ कृती करावी. आम्ही हे एका फंक्शनमध्ये बांधले आणि सर्व बटणांना तेच फंक्शन जोडले. कंट्रोल-एसचा शॉर्टकट जोडायला विसरलो होतो. तिथे तोच दोष आठवडाभराने पुन्हा सापडला.

एंटरची गुंतागुंत

वेब तंत्रावर चालणाऱ्या डेस्कटॉप प्रोग्राममध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉन किंवा टॉरी वापरून बनवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये, सर्वाधिक तक्रारी एंटरच्या असतात. संदेश पाठवण्याच्या रकान्यात ‘आन्योंग’ लिहून एंटर दाबले की ‘आन्योंग’ जाते आणि पाठोपाठ नुसते ‘न्योंग’ पुन्हा जाते. मॅकवर क्रोमियममध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या आत असलेल्या ब्राउझरमध्ये, कच्चे अक्षर असताना दाबलेल्या एका एंटरसाठी कळ दाबल्याची घटना दोनदा येते: पहिली जुळणी चालू असल्याच्या खुणेसह आणि दुसरी त्या खुणेशिवाय. पहिल्या घटनेला प्रोग्राम मजकूर पाठवून रकाना रिकामा करतो, मग इनपुट मेथड आपले कच्चे अक्षर त्या रिकाम्या रकान्यात पक्के करते आणि दुसऱ्या घटनेला तेवढेच पुन्हा पाठवले जाते.

यावर सर्वत्र सांगितला जाणारा उपाय असा की जुळणी चालू असल्याची खूण, इझकॉम्पोझिंग, खरी असेल किंवा कळीचा क्रमांक २२९ असेल तर एंटरकडे दुर्लक्ष करावे. २२९ हा क्रमांक ‘ही कळ इनपुट मेथडने घेतली आहे’ असे सांगतो. तो तपासणे आवश्यकच आहे, कारण मॅकवर टॉरी वापरते त्या वेबकिटमध्ये जुळणी संपल्याची घटना आधी आणि एंटरची घटना नंतर येते, त्यामुळे इझकॉम्पोझिंग तोवर खोटे झालेले असते आणि २२९ एवढाच धागा उरतो.

हा उपाय मूळ जपानी टायपिंगसाठी अगदी योग्य आहे, कारण तिथे पहिले एंटर फक्त शब्द पक्का करण्यासाठी असते. कोरियन वापरणाऱ्याने मात्र एंटर दाबले ते पाठवण्यासाठीच. दुसरी घटना ज्या व्यवस्थेत येते तिथे सर्व सुरळीत चालते. जिथे ती येत नाही तिथे त्याला दर वेळी दोनदा एंटर दाबावे लागते. आमची पहिली दुरुस्ती अशीच होती, आणि त्या अभियंत्याने कुरकूर न करता महिनाभर दोनदा एंटर दाबले. त्याच्या मागे उभे राहून पाहिले तेव्हाच ते आमच्या लक्षात आले.

आता आम्ही वापरतो ती रचना अशी आहे. कच्चे अक्षर असताना एंटर आले तर काहीही न पाठवता ‘एंटर बाकी आहे’ अशी खूण लावायची. जुळणी संपल्याची घटना आली की शून्य विलंबाचा टायमर लावायचा. टायमर सुटण्याआधी खरी एंटरची घटना आली तर खूण काढून तिच्यावरच पाठवायचे. ती आली नाही आणि पक्के झालेले शेवटचे अक्षर ४४,०३२ ते ५५,२०३ या हान्गुलच्या पट्ट्यातील असेल, तर टायमरमधून पाठवायचे. पट्ट्याच्या या अटीमुळे जपानी मजकुरावर परिणाम होत नाही, आणि कोरियन माणसाने हान्जा, म्हणजे चिनी अक्षर, यादीतून निवडण्यासाठी एंटर दाबले असेल तर तेही चुकून पाठवले जात नाही. वेबकिटमध्ये जुळणी संपल्यानंतर २२९ क्रमांकाचे एंटर येते, तेव्हा त्याच अटीने ते तिथल्या तिथे स्वीकारावे. प्रत्येक व्यवस्थेवर घटनांची नोंद पाहूनच ही रचना बसवावी. आमचा क्रम जसाच्या तसा उतरवून घेऊ नये.

वाचावे, पण हात लावू नये

ठोकळे फुटण्याच्या तक्रारीत बहुतेक वेळा प्रोग्रामचा चांगला हेतूच आड येतो. प्रत्येक बदलानंतर मोकळ्या जागा काढणे, इंग्रजी अक्षरे मोठी करणे, अक्षरमर्यादा लावणे अशा कामांसाठी कोड रकान्याचा मजकूर वाचतो आणि सुधारून परत लिहितो. परत लिहिलेला मजकूर तोच असला तरी काही व्यवस्थांत त्या क्षणी जुळणी तुटते आणि ‘हान’ऐवजी ‘ह’, ‘आ’, ‘न’ असे तीन सुटे तुकडे उमटतात. ही सर्व कामे जुळणी संपल्यानंतर करावीत. दहा अक्षरांची मर्यादा असेल तर दहाव्या अक्षराला अंत्य व्यंजन जोडण्याची मुभा असलीच पाहिजे. मर्यादा कच्च्या अक्षरावर लावली तर नावातील शेवटचा ठोकळा अर्धाच राहतो.

याच्या उलट टोकाची चूक शोधाच्या रकान्यात होते. जुळणी संपेपर्यंत काहीच करायचे नाही असे ठरवले, की शोध नेहमी एक अक्षर मागे राहतो, कारण कोरियन शब्दाचे शेवटचे अक्षर पुढची कळ दाबेपर्यंत कच्चेच असते. ‘सोल’ (कोरियनमध्ये ‘सो’ आणि ‘उल’ अशी दोन अक्षरे) लिहून थांबलेल्या माणसाला नुसत्या ‘सो’ची यादी दिसते. इथे कच्चा मजकूर धरूनच शोध घ्यावा आणि यादी बदलावी. रकान्याला मात्र शिवू नये.

आपल्या भागात वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसल्याने आम्ही दर काही सेकंदांनी आपोआप जतन करण्याची सोय ठेवतो. या सोयीने जुळणी पूर्ण करण्याचा आदेश कधीही देऊ नये, नाहीतर लिहिणाऱ्याचे अक्षर मध्येच पक्के होऊन पुढचे अंत्य व्यंजन सुटे पडते, आणि हा दोष कधीतरीच दिसत असल्याने सापडता सापडत नाही. पक्का मजकूर आणि त्या क्षणीचा कच्चा मजकूर यांची जोडून केलेली प्रत तात्पुरत्या फाइलमध्ये ठेवावी आणि मूळ रकाना तसाच राहू द्यावा.

क्यूटी, लिनक्स आणि मॅक

क्यूटी या खिडक्या-बटणे बनवण्याच्या साधनसंचात स्वतः बनवलेल्या रकान्याने क्यूइनपुटमेथडइव्हेंट घेताना आधी बदलायचा भाग काढावा, मग पक्का मजकूर घालावा आणि शेवटी कच्चा मजकूर दाखवावा. एकाच घटनेत तिन्ही असू शकतात. इनपुट मेथड कर्सरचा चौकोन विचारेल तेव्हा खरी जागा सांगावी, नाहीतर हान्जाची यादी पडद्याच्या कोपऱ्यात उघडते. लिनक्सवर अक्षर कच्चे असताना माउसने दुसरीकडे क्लिक केले, की ते अक्षर नव्या जागी जाऊन पडण्याचा दोष वारंवार भेटतो. माउस दाबल्याच्या घटनेत, कर्सर हलवण्याआधी, इनपुट मेथडला पक्के करण्याचा आदेश दिला की तो थांबतो. मॅकवर एनएसटेक्स्टइनपुटक्लायंट हा करार पूर्ण पाळावा आणि त्यातील ‘कोणता भाग बदलायचा’ हा आकडा दुर्लक्षू नये.

शॉर्टकटचा प्रश्न सर्वच व्यवस्थांत येतो. हान्गुल चालू असताना सी या कळीचे अक्षर सी नसून ‘छ’च्या उच्चाराचे व्यंजन असते, म्हणून शॉर्टकट अक्षरावरून न ओळखता कळीच्या जागेवरून ओळखावा. शिफ्ट-स्पेस आणि उजवी ऑल्ट या कळा प्रोग्रामने स्वतःच्या कामासाठी घेऊ नयेत.

साठवण

पडद्यावर बरोबर दिसणारा मजकूर साठवताना बिघडतो, असेही होते. ‘हान’ एका क्रमांकाने लिहिता येते, तसेच तीन जोड-घटकांनीही. यूटीएफ-८ मध्ये पहिल्याला ३ बाइट लागतात आणि दुसऱ्याला ९. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइलप्रणाली नावे विघटित रूपात ठेवत असे, म्हणून तिकडून आलेल्या फाइलींची नावे विंडोजवर सुट्या तुकड्यांत दिसतात आणि शोधात सापडत नाहीत. तुलना आणि शोध करण्यापूर्वी दोन्ही बाजू एनएफसी या जुळलेल्या रूपात आणाव्यात. जुन्या कोरियन प्रणालीला फाइल पाठवायची असेल तर हेही ध्यानात ठेवावे की केएस एक्स १००१ या मानकात फक्त २,३५० हान्गुल अक्षरे आहेत. सर्व ११,१७२ अक्षरे विंडोजच्या सीपी ९४९ या संकेतप्रणालीत मावतात.

चाचण्या

आपोआप चालणाऱ्या चाचण्यांवर विसंबताना एक फसगत होते. बहुतेक साधने तयार युनिकोड अक्षर थेट रकान्यात टाकतात. इनपुट मेथडचा त्यात संबंधच येत नाही आणि चाचणी नेहमी उत्तीर्ण होते. म्हणून तीन थर ठेवावेत. पहिल्या थरात आपल्या मजकूर-रकान्याला घटनांचा लिहून ठेवलेला क्रम द्यावा: कच्चे ‘द’, ‘दा’, ‘दाल’, ‘दाक’, मग पक्के ‘दाल’ व कच्चे ‘ग्या’ एकत्र, मग कच्चे ‘ग्याल’, मग पक्के. प्रत्येक टप्प्यावर दस्तऐवज आणि कर्सर दोन्ही तपासावेत. दुसऱ्या थरात क्रोमियमवर आधारित प्रोग्रामला डेव्हटूल्समधील जुळणी बसवण्याचा आदेश देऊन तेच करता येते. तिसऱ्या थरात खऱ्या इनपुट मेथडमधून खऱ्या कळा पाठवाव्यात. लिनक्सवर आयबस चालू ठेवून एक्सडूटूल या साधनाने हे जमते. विंडोजवर युनिकोड अक्षर न पाठवता कळीचा क्रमांक पाठवावा लागतो आणि पडदा उघडा असलेले सत्र लागते.

हाताने तपासताना आम्ही दोन अक्षरांवर जास्त वेळ घालवतो. क्यू, एन, पी, एफ, आर या पाच कळांनी एकच ठोकळा तयार होतो, ज्यात संयुक्त स्वरही आहे आणि संयुक्त अंत्य व्यंजनही. तो कच्चा असताना बॅकस्पेस दाबत गेले की सर्वसाधारणपणे एकेक घटक कमी होत पाच टप्प्यांत रकाना रिकामा होतो. एकदा पक्का झाल्यावर मात्र एकाच बॅकस्पेसला पूर्ण ठोकळा गेला पाहिजे. पाचव्या कळीनंतर के दाबली तर शेवटचा ‘ग’ पुढे उडी मारतो आणि ‘ल’ मागे राहतो. दुसरे अक्षर शिफ्ट-ई, एच, ए या कळांचे ‘त्तोम’. ही दोन्ही अक्षरे २,३५० च्या यादीत नाहीत, म्हणून ती साठवून, निर्यात करून, छापून परत उघडली की साठवणीतील दोषही त्याच फेरीत उघडे पडतात.

प्रत्येक रकान्यात ‘बुल्यांग’ लिहून, शेवटचे अक्षर कच्चे असतानाच एंटर, टॅब, स्पेस, एस्केप, बाण, कंट्रोल-एस, कंट्रोल-झेड, माउस क्लिक, दुसऱ्या खिडकीवर जाणे आणि भाषा बदलणे यांपैकी एकेक कृती करून निकाल नोटपॅडशी ताडून पाहावा. ही यादी कंटाळवाणी आहे, पण आमच्याकडे आलेले बहुतेक दोष तिच्यातील कोणत्या ना कोणत्या चौकटीत बसले.

ज्यांना कोरियन टायपिस्ट मिळत नाही त्यांच्यासाठी जवळची एक सोय आहे. २०१९ च्या मे महिन्यातील अद्ययावत आवृत्तीपासून विंडोज १० मध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड आला आहे, आणि त्यातही शब्द आधी कच्चा असतो. गळणारे आणि दुबार येणारे शेवटचे अक्षर त्यावरही अनेकदा पकडता येते. व्यंजनाची उडी मात्र त्यात होत नाही.

कोरियन माणूस उपलब्ध झाला तर त्याच्या हाती चाचण्यांचा कागद देऊ नये. त्याला त्याच्या कामाचा अर्ध्या पानाचा शेरा त्याच्या नेहमीच्या वेगाने लिहू द्यावा, आपण पडद्याऐवजी त्याच्या हातांकडे पाहावे, आणि तो कुठे थबकतो, कुठे बॅकस्पेस दाबतो, जतन करण्यापूर्वी सवयीने एक जादा स्पेस मारतो का, याची नोंद घ्यावी. आमच्या अभियंत्याला ती जादा स्पेस मारण्याची सवय आमच्याच पहिल्या आवृत्तीने लावली होती.